सरासरी २५ टक्के, तरी एक कोअर १०० वर: इंटरप्ट आणि शेड्युलिंगचा शोध कुठून सुरू करावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लिनक्सचा सर्व्हर, दोन सॉकेट, हायपरथ्रेडिंग धरून ३२ लॉजिकल कोअर, १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. त्यावर एक प्रॉक्सी आणि तिच्यामागे कंटेनरमध्ये चालणारी ॲप्लिकेशन्स. सीपीयूचा सरासरी वापर २५ टक्क्यांच्या आसपास, पण गर्दीच्या वेळी काही विनंत्यांना २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. टॉपमध्ये केसॉफ्टआयआरक्यूडी/० (कोअर ० वर पॅकेटचं उरलेलं काम करणारा कर्नलचा थ्रेड) सतत १०० टक्क्यांजवळ दिसतं. तुम्ही आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने कोअरला मारलेल्या हाका, कोअरमध्ये वाटणारा प्रोग्रॅम) बंद केलं, कार्डाच्या इंटरप्टच्या ॲफिनिटी मास्कमध्ये, म्हणजे तो कोणत्या कोअरवर जाऊ शकतो त्या यादीत, सगळे कोअर लिहून पाहिले, काहीच फरक पडला नाही. आता तुम्ही विचारताय की शेड्युलर (कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर चालेल हे ठरवणारा कर्नलचा भाग) नीट काम करत नाही का, कोअर आयसोलेट करावेत, म्हणजे बाकी कामांपासून वेगळे काढावेत का, की सरळ जास्त कोअरचं मशीन घ्यावं. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की बहुतेक ट्रॅफिक दुसऱ्या डेटासेंटरकडून जीआरई टनेलमधून येतं, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट घालून.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. शेड्युलरवर मी इतक्यात बोट ठेवणार नाही. तुमच्याकडे कोअर भरपूर आहेत. पण येणारं काम त्यांच्यापर्यंत वाटलंच जात नाहीये. हा अंदाज आहे, आणि तो तपासायचा कसा तेही सांगतो, कारण अशीच लक्षणं दोन-तीन वेगळ्या कारणांनीही दिसतात.

आधी सरासरी बाजूला ठेवा. ३२ पैकी एक कोअर पूर्ण भरला तरी सरासरीत त्याने जेमतेम ३ टक्क्यांची भर पडते. म्हणून एमपीस्टॅट (कोअरनुसार वापर दाखवणारी कमांड) सर्व कोअरसाठी, दर सेकंदाला, गर्दीच्या वेळेतच चालवा आणि प्रत्येक कोअरचे चार रकाने वेगवेगळे वाचा: सिस्टिम, आयआरक्यू, सॉफ्ट आणि स्टील. सॉफ्ट फुगलेला असेल तर पॅकेटवरची पुढची प्रक्रिया कोअर खातेय. आयआरक्यू फुगलेला असेल तर गोष्ट वेगळी: एखादं उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर इंटरप्टचा पाऊस पाडतोय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, अमुक आयआरक्यूची (इंटरप्टच्या लाइनची) कोणी दखल घेतली नाही अशी तक्रार दिसते का बघा. एका लाइनवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० च्या वर कोणी स्वीकारले नाहीत तर कर्नल ती लाइन बंद करून टाकतो. स्टील फुगलेला असेल तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनवर आहात आणि खालचा होस्ट तुम्हाला वेळ देत नाहीये. मग आतून काहीही बदललं तरी उपयोग नाही. तुमच्याकडे केसॉफ्टआयआरक्यूडी वर आहे म्हणजे सॉफ्टच निघेल, पण बघून खात्री करा.

आता एक गोष्ट जी खूप जणांना चकवते. तुम्ही लिहिलंय की प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये कोअर ० चा आकडा काही फार मोठा नाही, म्हणजे इंटरप्टचा प्रश्न नसावा. उलट आहे. लिनक्समध्ये पहिलं पॅकेट आलं की कार्ड इंटरप्ट देतं, ड्रायव्हर त्या क्यूचा इंटरप्ट बंद करतो आणि कर्नल ती क्यू पोल करू लागतो. क्यू रिकामी झाली की मगच इंटरप्ट पुन्हा चालू होतो. ही नापीची पद्धत. क्यू कधी रिकामीच होत नसेल तर नवा इंटरप्ट येणारच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त दमलेल्या क्यूचा इंटरप्टचा आकडा कमी दिसू शकतो आणि निवांत क्यूचा जास्त. याच कारणाने कार्डाचं कोअलेसिंग (अनेक पॅकेट्ससाठी मिळून एकच इंटरप्ट देणं) वाढवण्याचा सल्ला तुमच्या बाबतीत कामाचा नाही. तिथे इंटरप्ट आधीच कमी आहेत, कमी पडतोय तो पॅकेट हाताळायला लागणारा वेळ.

म्हणून मी त्या फाइलपेक्षा प्रॉकच्या नेट फोल्डरमधल्या सॉफ्टनेट_स्टॅटवर जास्त भरवसा ठेवतो. तिथे प्रत्येक कोअरची एक ओळ असते, आकडे हेक्साडेसिमलमध्ये. पहिला रकाना हाताळलेली पॅकेट्स, दुसरा बॅकलॉग (कोअरची पॅकेटची रांग) भरल्यामुळे टाकून दिलेली, तिसरा म्हणजे काम उरलेलं असताना बजेट (एका फेरीत हाताळायच्या पॅकेटची मर्यादा) किंवा वेळ संपल्यामुळे किती वेळा हात थांबवावा लागला. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि फरक काढा. पहिल्या ओळीचा पहिला रकाना धावतोय आणि बाकीच्या ओळी जवळपास स्थिर, असं दिसलं तर निदानाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा ईथटूल या नेटवर्क कार्डाच्या कमांडच्या आकडेवारीत मिळेल: क्यूनुसार मोजणी छापायला लावा आणि एकाच क्यूवर सगळी पॅकेट्स पडतायत का ते बघा. रिंग (पॅकेट्स उतरवायची ठरलेल्या आकाराची जागा) भरल्यामुळे कार्डानेच टाकून दिलेल्या पॅकेटची मोजणीही तिथेच असते. नाव ड्रायव्हरनुसार बदलतं, पण मिस्ड, नो बफर, डिस्कार्ड अशा शब्दांनी शोधलं की सापडतं.

२०० मिलिसेकंदांचा आकडा मला का खटकला ते सांगतो. नुसत्या शेड्युलिंगच्या वाटेने, म्हणजे थ्रेड तयार आहे पण कोअर मिळत नाही म्हणून, साधारणपणे काही मिलिसेकंद जातात. ३२ पैकी बहुतेक कोअर रिकामे असताना एखादा थ्रेड २०० मिलिसेकंद ताटकळणं अवघड आहे. पण लिनक्सच्या टीसीपीमध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याआधीची किमान वाट २०० मिलिसेकंदांची आहे. म्हणजे साखळी अशी असावी: एक कोअर भरला, कार्डाची रिंग वेळेत रिकामी झाली नाही, एखादं पॅकेट पडलं, ते जोडणीतलं शेवटचं पॅकेट असल्याने मागून काही आलं नाही, आणि पाठवणारा टायमरची वाट बघत बसला. हे तपासायला डेटा जिथून येतो त्या पलीकडच्या टोकाला एनस्टॅट या नेटवर्कची मोजणी दाखवणाऱ्या कमांडमध्ये टीसीपी टाइमआउट आणि रीट्रान्समिटची मोजणी बघा. तुमच्या उशिराच्या विनंत्या आणि तिथले टाइमआउट एकाच वेळी वाढत असतील तर शंका उरत नाही.

मग सगळं एकाच क्यूवर का पडतं? आजकालच्या कार्डांना अनेक क्यू असतात, प्रत्येक क्यूला स्वतःचा इंटरप्ट. कोणतं पॅकेट कोणत्या क्यूत जाईल हे कार्ड हॅश काढून ठरवतं. टीसीपीसाठी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी आणि दोन्ही पोर्ट मिळून. यालाच आरएसएस म्हणतात. एका जोडणीची पॅकेट्स एकाच क्यूत राहावीत, क्रम बिघडू नये, म्हणून हे असं आहे. आता जीआरई घ्या. बाहेरच्या हेडरमध्ये पोर्टच नाहीत, फक्त टनेलच्या दोन टोकांचे आयपी. आत हजारो जोडण्या असल्या तरी बहुतेक कार्डांना बाहेरून एकच जोडी दिसते. एक जोडी, एक हॅश, एक क्यू, एक इंटरप्ट, एक कोअर. तुम्ही १६ क्यू करा की ३२, काही बदलणार नाही.

आकड्यांत बघा: १,५०० बाइटच्या फ्रेमने १० गिगाबिट भरलं तर सेकंदाला साधारण ८ लाख पॅकेट्स होतात. एकाच कोअरवर आले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मायक्रोसेकंद. त्यात टनेलचं हेडर काढायचं, फायरवॉलचे नियम चालवायचे, कनेक्शन ट्रॅकिंग करायचं, राउटिंग करायचं. पॅकेट लहान असतील तर परिस्थिती याहून कितीतरी कठीण.

इथेच तुमचे दोन प्रयोग का फसले तेही कळतं. आयआरक्यूबॅलन्स दर दहा सेकंदांनी अख्खे इंटरप्ट एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवतं. एका क्यूचं काम दोन कोअरमध्ये फोडणं त्याच्या हातात नाही. ते चालू असतं तरी ओझं कोअर ० वरून कोअर ५ वर गेलं असतं, हलकं झालं नसतं. आणि मास्कमध्ये सगळे कोअर लिहिले म्हणजे इंटरप्ट सगळ्यांत वाटला जातो, हा समज फार पसरलेला आहे. आजच्या एक्स८६ सर्व्हरवर सहसा कर्नल त्या मास्कमधला एकच कोअर निवडतो आणि इंटरप्ट तिथेच जातो. त्याच फोल्डरमधली इफेक्टिव्ह ॲफिनिटीची फाइल उघडा, खरा कोअर तिथे दिसेल. काही इंटरप्टच्या बाबतीत तर लिहायला गेलात की इनपुट-आउटपुट एरर येते, विशेषतः एनव्हीएमई डिस्कच्या. त्यांची वाटणी कर्नल स्वतः करतो, त्यात हात घालू नका.

आतापर्यंतचं एकत्र मांडतो: काम एका क्यूत येतंय कारण टनेलमुळे कार्डाला वाटणी करता येत नाही, त्या क्यूचा कोअर भरतो, पॅकेट पडतात, टीसीपीच्या टायमरमुळे उशीर होतो. यात शेड्युलरने अजून प्रवेशच केलेला नाही.

पण तो करतो, आणि तो भागही समजून घेण्यासारखा आहे. सॉफ्टआयआरक्यूचं, म्हणजे इंटरप्टनंतर उरलेलं पॅकेटचं काम दोन ठिकाणी होतं. पहिल्यांदा इंटरप्ट संपताना लगेच, आणि तिथे ते त्या कोअरवरच्या कोणत्याही साध्या थ्रेडला बाजूला सारून चालतं. शेड्युलरला विचारत नाही. दोन मिलिसेकंद झाले किंवा दहा फेऱ्या झाल्या, किंवा एखादा जास्त तातडीचा थ्रेड वाट बघत असला, की उरलेलं काम केसॉफ्टआयआरक्यूडीकडे जातं. तो मात्र साधा थ्रेड आहे, साध्या प्राधान्याचा. त्याला इतरांबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. म्हणजे कोअर ० वर तुमच्या ॲप्लिकेशनचा थ्रेड बसला असेल तर दोघंही मार खातात: थ्रेडला इंटरप्टमुळे, आणि पॅकेटला थ्रेडमुळे. त्यात भर अशी की पॅकेटमुळे एखादा झोपलेला थ्रेड जागा होतो तेव्हा त्याला बसवायला शेड्युलर दोनच जागांच्या आसपास बघतो: थ्रेड आधी जिथे होता ती, आणि जिथून त्याला उठवलं गेलं ती. कॅशे सामायिक असलेल्या शेजारी कोअरना पसंती मिळते. सगळी पॅकेट्स कोअर ० वरून थ्रेड उठवत असतील तर ॲप्लिकेशनही हळूहळू त्याच सॉकेटकडे ओढलं जातं. काम जिथे उतरतं तिथेच गर्दी होते ती अशी.

म्हणून उपाय करताना इंटरप्ट आणि थ्रेड दोन्हींचा नकाशा एकत्र काढावा. आधी एलएससीपीयूमध्ये बघा कोणता कोअर कोणत्या सॉकेटवर आहे. क्रमांक देण्याची पद्धत मशीननुसार बदलते. कार्ड कोणत्या सॉकेटला (नूमाच्या भाषेत नोडला) जोडलंय हे सिस या प्रॉकसारख्याच फोल्डरमध्ये त्या इंटरफेसच्या डिव्हाइस फोल्डरात नूमा_नोड या फाइलमध्ये सापडतं. समजा कार्ड नोड ० वर आहे, नोड ० चे कोअर ० ते ७ आणि त्यांचे हायपरथ्रेडिंगचे जोडीदार १६ ते २३. कोअर ० वर क्यूचा इंटरप्ट राहू द्या. कोअर ० आणि त्याचा जोडीदार १६ यांच्यावर ॲप्लिकेशनचं काहीही चालू देऊ नका. सिस्टिमडीमधून (सेवा सुरू करणारी यंत्रणा) किंवा सीपीयूसेटने (थ्रेड ठराविक कोअरपुरते बांधणारी सोय) हे नीट होतं. जोडीदाराला विसरू नका: तो स्वतंत्र कोअर दिसतो पण आतली यंत्रणा तीच वापरतो.

मग आरपीएस चालू करा. हे आरएसएसचं सॉफ्टवेअरमधलं रूप, २०१० पासून कर्नलमध्ये आहे. कार्डाने पॅकेट एका कोअरवर टाकलं की तो कोअर हॅश काढून ते दुसऱ्या कोअरच्या बॅकलॉगमध्ये ढकलतो. इथे महत्त्वाचा फरक असा की कर्नलचा हॅश काढणारा कोड जीआरईच्या आत डोकावतो. आतले आयपी आणि पोर्ट त्याला दिसतात, म्हणून वाटणी खरोखर होते. सिसमध्ये त्या इंटरफेसच्या आरएक्स क्यूच्या फोल्डरात आरपीएस_सीपीयूज ही फाइल आहे. तिच्यात कोअर २ ते ७ साठी मास्क हेक्साडेसिमलमध्ये लिहायचा: एफसी. कोअर ० आणि १ मुद्दाम बाहेर ठेवलेत. पलीकडच्या सॉकेटचे कोअर सुरुवातीला घेऊ नका, पॅकेटची मेमरी अलीकडे असते आणि ये-जा महाग पडते.

हे केल्यावर तीन गोष्टी बदललेल्या दिसतील. एमपीस्टॅटमध्ये सॉफ्टचा रकाना कोअर २ ते ७ मध्ये पसरेल. इंटरप्ट्स फाइलमध्ये फंक्शन कॉल इंटरप्टची ओळ वेगाने वाढेल. घाबरू नका, कोअर ० दुसऱ्यांना हाक मारतोय ती हीच. सॉफ्टनेट_स्टॅटचा दहावा रकाना त्या कोअरवर वाढायला लागेल. दुसरा रकाना वाढू लागला तर बॅकलॉगची मर्यादा, जी मुळात १,००० पॅकेटची असते, ती वाढवून पाहा. आणि नेटदेव_बजेट? ते मुळात ३०० असतं. तिसरा रकाना वाढत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही, पण भरलेल्या कोअरचं बजेट वाढवून क्षमता वाढत नाही. आधी वाटणी, मग बजेट.

एक गोष्ट सोबतच तपासा, कारण ती टनेलवर फार वेळा निघते: फ्रॅगमेंट, म्हणजे पॅकेटचे तुकडे. जीआरई २४ बाइट खातं, म्हणून आतला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १,४७६ हवा. तो १,५०० राहिला असेल आणि मोठी पॅकेट्स तुकडे होऊन येत असतील तर पहिल्या तुकड्यानंतरच्या तुकड्यांत पोर्ट नसतात, वाटणी पुन्हा बिघडते आणि तुकडे जोडण्याचं काम वाढतं ते वेगळंच. एनस्टॅटमध्ये रीअसेंब्लीची मोजणी शून्याजवळ असायला हवी.

तुम्हाला मिळालेल्या इतर सल्ल्यांबद्दल. केसॉफ्टआयआरक्यूडीला रिअल-टाइम प्राधान्य द्या, असं कोणीतरी सुचवलंय. कृपया करू नका. कोअर भरलेला आहे. त्याला जास्त हक्क दिल्याने जास्त वेळ मिळत नाही, फक्त त्या कोअरवरचं बाकी सगळं उपाशी राहतं. आयसोलसीपीयूज या कर्नलच्या बूट पर्यायाने कोअर वेगळे काढण्याचा सल्ला विशिष्ट ठिकाणी योग्य असतो, जिथे एका कोअरवर एकच थ्रेड बांधून ठेवायचा असतो. तुमच्यासारख्या अनेक थ्रेडच्या ॲप्लिकेशनला तो उलटा पडतो, कारण आयसोलेट केलेल्या कोअरमध्ये शेड्युलर लोड बॅलन्सिंग करत नाही. आठ थ्रेड आठ कोअरच्या संचाला बांधले तरी सगळे एकाच कोअरवर बसून राहिलेले सापडतात. नवं मशीन घेण्याबद्दल इतकंच म्हणेन की ६४ कोअरच्या मशीनवरही हे टनेल एकाच कोअरवर उतरेल, आणि त्या मशीनच्या एका कोअरचा वेग आताच्यापेक्षा कमीही असू शकतो.

आरपीएसनंतरही कोअर ० भरलेलाच राहिला, तर पर्फ टॉप (कर्नलची कोणती फंक्शन्स वेळ खातात ते दाखवणारी कमांड) फक्त त्या कोअरपुरतं चालवा. फायरवॉलच्या नियमांची फंक्शन्स वर दिसली तर चालू जोडण्यांना परवानगी देणारा नियम सगळ्यात वर आणा, बराच भार तिथेच उतरतो. ड्रायव्हरचंच काम वर दिसलं तर सॉफ्टवेअरमधून आणखी काही काढता येणार नाही. मग कार्डालाच वाटणी करता येईल असं टनेल हवं. दोन वाटा आहेत. वेगवेगळे बाहेरचे आयपी देऊन चार टनेल करा आणि ट्रॅफिक त्यांच्यात विभागा. किंवा जीआरईऐवजी यूडीपीवर चालणारं, जसं व्हीएक्सलॅन, वापरा. त्यात बाहेरचा सोर्स पोर्ट आतल्या जोडणीनुसार बदलतो. मात्र बऱ्याच कार्डांवर यूडीपीचा हॅश मुळात फक्त आयपीवरून काढलेला असतो. ईथटूलमध्ये यूडीपीसाठी पोर्टही हॅशमध्ये घ्यायला सांगितलं नाही, तर एवढं सगळं बदलूनही पुन्हा एकाच क्यूवर याल. टनेल आयपीसेकने कूटबद्ध केलेलं असेल तर आतलं काही दिसतच नाही, तिथे आरपीएसही हतबल. अनेक टनेल हाच मार्ग.

एका वेळी एकच बदल करा आणि तो त्याच गर्दीच्या वेळेत मोजा. प्रॉक आणि सिसमध्ये लिहिलेलं रीबूटनंतर राहत नाही, आणि कार्डाच्या क्यूची संख्या बदलली तरी ॲफिनिटीची मांडणी विस्कटू शकते. म्हणून जे टिकवायचं ते सिस्टिमडीच्या युनिटमध्ये घाला. हाताने केलेली ॲफिनिटी ठेवणार असाल तर आयआरक्यूबॅलन्स बंद ठेवा किंवा त्याला ते इंटरप्ट वगळायला सांगा, नाहीतर काही सेकंदांत तो तुमचं पुसून टाकेल.

सगळं झाल्यावर पलीकडचे टीसीपी टाइमआउट थांबले, पण काही विनंत्या तरीही रेंगाळल्या, तर तेव्हा शेड्युलिंगकडे वळा, आणि तिथे मी सगळ्यात आधी कंटेनरचा सीपीयूच्या वेळेचा कोटा बघेन. कोटा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला जातो. दोन कोअरचा कोटा असलेल्या कंटेनरमध्ये आठ थ्रेड एकदम धावले तर २५ मिलिसेकंदांत कोटा संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळे थ्रेड गोठलेले असतात, कोअर रिकामे असले तरी. त्या कंटेनरच्या सीग्रुपच्या (कर्नलने मर्यादा लावण्यासाठी केलेल्या गटाच्या) सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये थ्रॉटल झाल्याची मोजणी मिळते. ती स्थिर असेल तर प्रॉकमध्ये त्या थ्रेडची शेडस्टॅट फाइल वाचा: दुसरा आकडा म्हणजे थ्रेड तयार असूनही रांगेत थांबला तो वेळ, नॅनोसेकंदांत. रेंगाळलेल्या विनंतीच्या काळात तो काही मिलिसेकंदांनीही वाढत नसेल, तर उशीर शेड्युलरमध्ये नाही. ॲप्लिकेशनच्या आत, एखाद्या लॉकवर किंवा डेटाबेसच्या उत्तरासाठी थ्रेड झोपलेला आहे.